थेंब मोजून: नागपुरी घरात सुगंधी तेलांची सुरुवात

संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दुमडून पिळायची आणि ज्योतीत उडणाऱ्या ठिणग्या बघायच्या, हा खेळ नागपुरात वाढलेल्या बहुतेकांनी खेळलेला असतो. लाइट गेली की आम्ही भावंडं साली गोळा करून बसायचो आणि आजी आतून ओरडायची, "डोळ्यात उडंन नं वं, किती सांगून राहिली मी!" त्या सालीतून जो बारीक फवारा उडतो, तेच संत्र्याचं इसेन्शियल ऑइल. सालीच्या केशरी थरात टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात, त्यांत ते भरलेलं असतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचा एकच घटक असतो. तो पेटतो, डोळ्यांत गेला तर चांगला झोंबतो आणि बोटांना त्याचा वास कितीतरी वेळ राहतो.

अशी तेलं गेली बारा वर्षं मी घरात वापरते आहे. झोपेसाठी, डोक्याच्या मालिशीला, मुरमांवर, दिवाळीच्या उटण्यात. शेजारच्या काकू, भाच्या, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "कोणतं तेल घेऊ?" मी त्यांना आधी थेंब मोजायला शिकवते. तेल कोणतं हा प्रश्न नंतरचा. एखाद्या थेंबाने ज्याचा उपयोग होतो, त्याच तेलाच्या झाकणभर मापाने अंगावर पुरळ उठतं, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

इसेन्शियल ऑइल म्हणजे झाडाच्या पानाफुलांतला, सालीतला किंवा मुळातला उडून जाणारा सुगंधी भाग. बहुतेक तेलं वाफेवर काढतात. पानं भांड्यात भरून खालून वाफ सोडली की वास वाफेबरोबर वर जातो, नळीतून थंड होतो, आणि खाली पाणी व वर तेल असे दोन थर मिळतात. ते खालचं पाणी म्हणजे पुष्पजल. चांगलं गुलाबपाणी असंच तयार होतं. संत्रं, मोसंबी, लिंबू यांची तेलं मात्र बहुधा साल दाबून काढतात.

याला तेल म्हणतात, पण खोबरेलासारखा त्यात स्निग्धपणा नसतो. पाण्यात ते विरघळत नाही, नुसतं तरंगतं. हे लक्षात ठेवा, पुढे बरंच काही याच्यावर अवलंबून आहे.

अत्तर ही वेगळी गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवतात, ते पारंपरिक अत्तर. आता बाजारात मिळणारी बरीच स्वस्त अत्तरं पॅराफिनच्या बेसमध्ये कृत्रिम वास घालून केलेली असतात. ती कपड्यांना लावायला ठीक आहेत, मालिशीला घेऊ नका. मोगऱ्याचंही तसंच आहे. मोगऱ्याचं फूल वाफेची उष्णता सहन करत नाही, म्हणून त्याचा अर्क द्रावकाने काढावा लागतो आणि तो महाग असतो. उन्हाळ्यात बर्डीच्या बाजारात गजरे घेताना जो वास येतो, तो शंभर-दीडशे रुपयांच्या बाटलीत मिळणार नाही.

काय अपेक्षा ठेवायची

वासाचा मनावर परिणाम होतो, यात मला शंका नाही. नाकातल्या गंधाच्या नसा मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेल्या आहेत, तिथेच भावना आणि आठवणींचं काम चालतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मातीच्या वासाने शाळेचे दिवस आठवतात, ते म्हणूनच. 'अरोमाथेरपी' हा शब्द फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी १९३० च्या दशकात रूढ केला. वापर अर्थातच त्याच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्याकडे माठात वाळा टाकतात, बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, ते तरी दुसरं काय आहे?

लॅव्हेंडरच्या वासाने बेचैनी थोडी कमी होते आणि झोप थोडी बरी लागते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. 'थोडी' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. टी ट्री हे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल. त्याची मुरमांवरची तुलना १९९० मध्ये तिथेच झाली. एकीकडे ५ टक्के टी ट्रीचं जेल आणि दुसरीकडे मुरमांवरचं नेहमीचं औषध, ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. मुरमं दोन्हींनी कमी झाली. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. एवढा आधार रोजच्या वापराला मला पुरेसा वाटतो. पण थायरॉइड, साखर, बीपी यांची गोळी तेलाच्या भरवशावर बंद करायला कोणी सांगत असेल, तर त्या माणसाकडून तेलही घेऊ नका.

पहिली पायरी: तीनच बाटल्या

वीस बाटल्यांचा गिफ्ट सेट घेऊ नका. त्यातल्या पंधरा उघडून, हुंगून ठेवल्या जातात आणि एका उन्हाळ्यात खराब होतात. लॅव्हेंडर, टी ट्री आणि रोशा, एवढ्या तीन पुरेत. त्याही ५ किंवा १० मिलीच्या घ्या.

रोशाचं नाव नव्या लोकांनी बहुतेक ऐकलेलं नसतं. दुकानात ते पामारोजा नावाने मिळतं. रोशा म्हणजेच तिखाडी, गवती चहाच्याच कुळातलं गवत. सातपुड्याच्या उतारांवर, मेळघाट, बैतूल, निमाड आणि खानदेशच्या भागात ते आपोआप उगवतं. पूर्वी तिथल्या जंगलांत गवत कापून जागेवरच भट्टी लावून तेल काढत आणि ते मुंबईमार्गे परदेशी जाई. तुर्कस्तान-बल्गेरियाकडचे व्यापारी गुलाबाच्या महाग तेलात त्याची भेसळ करत. कारण दोघांतही जिरॅनिऑल हा गुलाबासारखा वास देणारा घटक असतो, आणि रोशात तो भरपूर असतो. बाटलीचं झाकण काढा, आधी गुलाब आठवेल आणि मागून ओल्या गवताचा वास येईल. मला हा वास गुलाबापेक्षाही आवडतो. दूरदेशीची तेलं मागवण्याआधी आपल्या उशाशी उगवणारं हे तेल हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

निलगिरी तेल बहुतेक घरांत असतंच, त्यामुळे ते यादीत धरलेलं नाही. संत्र्याचं तेल थंडीत घ्या. उन्हाळ्यात का नाही, ते पुढे सांगते.

खरेदी करताना बाटली फिरवून लेबल वाचा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं, जसं लॅव्हेंडरवर 'लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया'. शिवाय झाडाचा भाग, तेल काढण्याची पद्धत, बॅच नंबर आणि तारीख. 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'परफ्यूम ऑइल' लिहिलेलं असेल तर ते साबण-मेणबत्तीचं सामान आहे, परत ठेवा. बाटली गडद काचेची असावी आणि तोंडाला थेंब पाडणारी प्लास्टिकची टोपी असावी. एकाच कंपनीच्या फळीवर गुलाब, चंदन आणि संत्रं एकाच भावात दिसले की तिथून निघा. एक किलो गुलाबतेलाला हजारो किलो पाकळ्या लागतात आणि चंदनाच्या झाडाला गाभा धरायलाच वर्षानुवर्षं जातात. त्यांचा भाव संत्र्याच्या सालीएवढा असूच शकत नाही.

घरी एक सोपी चाचणी करता येते. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. लॅव्हेंडर, टी ट्री, निलगिरी उडून जायला हवीत. भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात स्वस्त तेल मिसळलेलं आहे. वाळा आणि चंदन जड असतात, त्यांचा डाग राहतो, तिथे ही चाचणी लावू नका. इतवारीत काष्ठौषधी विकणाऱ्या एका दुकानातून मी 'अस्सल चंदन' म्हणून आणलेली बाटली तिसऱ्या दिवशी नुसत्या खाण्याच्या तेलासारखी वास यायला लागली होती. तेव्हापासून मी सुटं तेल घेत नाही. सुका माल, म्हणजे वाळा, नागरमोथा, गुलाबकळी, मात्र इतवारीतूनच आणते. तिथे हातात घेऊन, चुरडून, हुंगून घेता येतो.

दुसरी पायरी: उन्हापासून जपा

परदेशी पुस्तकांत 'थंड, अंधाऱ्या जागी ठेवा' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. नागपूरकरांसाठी ती ओळ पुरत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद कपाटही तापतं, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर रात्रीसुद्धा भिंती गरम असतात.

उष्णता, उजेड आणि हवा मिळाली की ही तेलं बिघडतात. संत्रं, लिंबू आणि टी ट्री सगळ्यांत लवकर. बिघडलेल्या तेलाचा वास तर जातोच, पण मोठी अडचण वेगळी आहे. लिमोनीनचं हवेशी मिसळून जे रूप होतं, त्याने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा त्वचेने त्या घटकाशी वैर धरलं की ते जन्मभर राहू शकतं. मी एकदा संत्र्याच्या तेलाची बाटली स्कूटीच्या डिकीत विसरले. एप्रिलची दुपार होती, तीन तास गाडी उन्हात होती. पंधरा दिवसांनी ती उघडली तर गोडवा पार गेला होता आणि रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनसारखा वास येत होता. ती फरशी पुसायलाही वापरली नाही.

म्हणून बाटल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवा. डबा हवाच, नाहीतर दुधाला लॅव्हेंडरचा वास लागतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. संत्र्या-लिंबाची तेलं वर्षभरात संपवा, टी ट्रीही त्याच हिशेबाने धरा, लॅव्हेंडर आणि रोशा दोन-तीन वर्षं चालतात. ऑनलाइन मागवायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. मे महिन्यात पार्सल दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीत तापत असतं.

तिसरी पायरी: थेंब मोजायचे

अंगाला लावायचं इसेन्शियल ऑइल साध्या तेलात मिसळूनच लावायचं. थेट नाही, एक थेंबही नाही. त्या साध्या तेलाला कॅरिअर ऑइल म्हणतात.

हिशेब सोपा आहे. १ मिलीत साधारण २० थेंब. म्हणजे ३० मिली तेलात ६०० थेंब, आणि त्याचा एक टक्का म्हणजे ६ थेंब. ही एक ओळ पाठ झाली की बाकी सगळं त्यातून निघतं. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का, म्हणजे ३० मिलीत ३ ते ६ थेंब. हातपाय-पाठीच्या मालिशीला एक ते दोन टक्के, म्हणजे ६ ते १२ थेंब. साठीच्या पुढच्यांना आणि नाजूक त्वचेच्या माणसांना अर्धा टक्काच.

३० मिली मोजायचं कसं? चहाचे आणि पोह्यांचे चमचे प्रत्येक घरात वेगळ्या मापाचे असतात. खोकल्याच्या औषधावर जे मापाचं झाकण येतं, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात. ते धुऊन, कोरडं करून ठेवून द्या. तीन वेळा १० मिली तेल मोजून बाटलीत ओता. मग सुगंधी तेलाची बाटली तिरपी धरा, झटकू नका, थेंब आपोआप पडू द्या आणि मोठ्याने मोजा. मोठ्याने मोजायचं कारण असं की मधेच कोणी "चहा टाकू काय?" विचारलं की आकडा हरवतो. हरवला तर 'दोन-चार इकडेतिकडे' असं करू नका. आणखी कॅरिअर तेल घालून मिश्रण पातळ करा. सगळं झालं की कागदाची पट्टी चिकटवा: तेलाचं नाव, थेंब, तारीख.

कॅरिअर म्हणून काय घ्यायचं? उन्हाळ्यात खोबरेल चांगलं. थंडीत नागपुरात ते गोठतं, बाटलीत चमचा घालावा लागतो, तेव्हा घाण्याचं तिळाचं तेल घ्या. तिळाचा स्वतःचा वास असतो, पण रोशाबरोबर तो छान मिसळतो. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर खोबरेल टाळा, ते रंध्रं बुजवतं. त्याऐवजी जोजोबा घ्या, महाग असलं तरी थेंबाथेंबाने लागतं. जवसाचं तेल आपल्याकडे घरोघरी असतं, पण ते लवकर खवट होतं. ते चटणीतच राहू द्या.

मिश्रण तयार झालं की लगेच अंगभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावा आणि चोवीस तास, जमलं तर अठ्ठेचाळीस तास, तिथे पाणी-साबण लावू नका. खाज, लाली, बारीक पुरळ असं काही दिसलं तर ते तेल तुमचं नाही. एका वेळी एकच नवं तेल तपासा, नाहीतर कशाने झालं ते कळत नाही. सगळ्यांत जास्त लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

चौथी पायरी: घरात वास कसा दरवळवायचा

सुरुवातीला काहीही विकत न घेता हे करा. कापसाच्या बोळ्यावर लॅव्हेंडरचा एक थेंब टाका, बशीत ठेवा, बशी उशीपासून हातभर दूर ठेवा. आठवडाभर रोज, त्याच वेळी. मोबाइल बाजूला ठेवून दिवा मालवायच्या वेळी वास आला की मेंदू त्या दोन गोष्टी जोडायला लागतो. मला वाटतं, अर्धं काम ही सवयच करते, आणि त्यात वावगं काही नाही.

आवडलं तर मग पाण्याच्या वाफेचा छोटा डिफ्यूझर घ्या. १०० मिली पाण्यात ३-४ थेंब, अर्धा तास चालवायचा आणि बंद करायचा. रात्रभर नको. थोड्या वेळाने नाकाला वास येईनासा होतो आणि माणूस आणखी तेल घालतो, पण हवेत ते असतंच. डोकं जड वाटू लागलं की खिडकी उघडा.

आता कूलरबद्दल. हे फक्त आपल्याकडच्या घरांना सांगावं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेने कूलरच्या टाकीत निलगिरीचं दोन झाकणं तेल ओतलं. सगळ्यांना गार आणि ताजं वाटेल असा माझा विचार होता. पहिला अर्धा तास खरंच छान वाटलं. रात्री दोनच्या सुमारास पुतण्या खोकायला लागला, माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. सासूबाई उठून आल्या. "पोरगं खोकून राहिलं, काय टाकलं वं तू कूलरमंदी?" आम्ही त्या रात्री टाकी रिकामी केली, कूलरच्या गवताच्या ताट्या धुतल्या, दारं उघडून सगळे गच्चीवर झोपलो. सासूबाई पुतण्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. तेल पाण्यात विरघळत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते वर तरंगतं, पंपातून ताटीवर जातं आणि पंखा रात्रभर ते अंगावर फेकत राहतो. दमेकऱ्याला किंवा लहान मुलाला तर याचा मोठा त्रास होऊ शकतो.

कूलरला वासच हवा असेल तर एक ताटी वाळ्याची बसवा. वाळ्याच्या मुळांतलं तेल जड असतं, हळूहळू सुटतं आणि पाणी पडेल तेवढंच दरवळतं. दर हंगामात ताटी बदला, काळी पडलेली, कुबट वासाची ताटी ठेवू नका. माठातल्या वाळ्याची जुडीही दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवायची आणि वास गेला की टाकून द्यायची.

थंडीत नाक चोंदलं तर भांडंभर गरम पाण्यात निलगिरीचा एक थेंब, डोळे घट्ट मिटून दोन-तीन मिनिटं वाफ. पाणी उकळतं नको. मुलांना हे देऊ नका आणि दमा असेल तर स्वतःही घेऊ नका.

पाचवी पायरी: त्वचा आणि केस

दिवसभर उभं राहून पाय भरून आले की रात्री ३० मिली तिळाच्या तेलात रोशाचे ६ थेंब, तळव्यांपासून गुडघ्यापर्यंत, हलक्या हाताने वर चढवत. पायाला तेल लावून लगेच फरशीवर चालू नका, मोजे घाला. आंघोळीच्या बादलीत तेलाचे थेंब टाकायची पद्धत मला पटत नाही. तेल तरंगतं आणि नेमकं तिथेच अंगाला लागतं जिथे लागू नये. आंघोळीआधी तेच मिश्रण अंगाला लावा.

मुरमांसाठी १० मिली जोजोबात टी ट्रीचे ४ थेंब. हे दोन टक्के होतं, चेहऱ्याच्या मापाहून जास्त, म्हणून कापसाच्या काडीने फक्त मुरमावर टेकवायचं, सगळ्या चेहऱ्यावर फासायचं नाही. परिणाम दिसायला आठवडे लागतात. गाठी होत असतील, खड्डे पडत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, तेलात वेळ घालवू नका.

केसांसाठी रोझमेरीची सध्या फार चलती आहे. ५० मिली खोबरेलात ५ थेंब घालून आठवड्यातून दोनदा लावायला हरकत नाही, मालिशीने डोक्याला बरं वाटतं. केस मुठीने गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

लिंबाबद्दल जरा थांबून वाचा. साल दाबून काढलेलं लिंबाचं आणि बर्गामॉट या लिंबाच्याच जातीच्या फळाचं तेल त्वचेवर लावून उन्हात गेलं तर तिथे भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोनमहिने काळे राहतात. लावल्यावर निदान बारा तास ऊन टाळायला लागतं. नागपूरच्या उन्हात हा धोका घेऊच नका. संत्र्याच्या तेलात ही अडचण सहसा येत नाही, पण ते बिघडलेलं नसावं. 'गोरेपणासाठी लिंबाचं तेल' असं कुठेही दिसलं तर पुढे जा.

कोणी जपायचं

दोन वर्षांखालच्या बाळांना ही तेलं लावू नका, त्यांच्या खोलीत डिफ्यूझरही नको. निलगिरी आणि कापूर बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर चोळायची सवय आपल्याकडे आहे. ती थांबवायला हवी. त्याने बाळाचा श्वास अडू शकतो. ही दोन्ही तेलं पोटात गेली तर मुलांना झटके येऊ शकतात. एक चमचा निलगिरीही मुलाला बेशुद्ध करू शकते, म्हणून बाटल्या देवघराच्या फळीवर नको, कुलपात ठेवा. फिट येण्याचा आजार असलेल्या माणसांनी निलगिरी, कापूर आणि रोझमेरीपासून लांब राहावं. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्या अंगाला लावू नका, तिच्या शरीराला ते पचवता येत नाही.

पाण्यात थेंब टाकून पिऊ नका. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

आणि चुकून काही झालंच तर: त्वचेवर जळजळ झाली की आधी साधं खोबरेल लावून पुसून काढा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते पसरतं. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कोणी प्यायलं तर उलटी करायला लावू नका. उलटीतलं तेल फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

दिवाळीआधी: उटणं

दोन-तीन महिने हात बसला की हे करून बघा. दिवाळीच्या आसपास आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचा, संत्र्याचा माल कळमन्याच्या बाजारात यायला लागतो आणि घरात सालींचे ढीग जमतात. साली फेकू नका. गच्चीवर कडक उन्हात घातल्या तर लवकर वाळतात, पण सुगंध उडून जातो. खोलीत, पंख्याखाली सुती कापडावर पसरा आणि रोज उलटा. पाच-सहा दिवसांनी साल वाकवली की कडकन मोडली पाहिजे. वाकून परत आली तर अजून ओल आहे, अशा पुडीला बुरशी धरते.

मिक्सरमधून काढून जुन्या मलमलीतून चाळा. जाड कण चेहऱ्याला ओरखडतात, म्हणून पूड वस्त्रगाळच हवी. दोन वाट्या मसुराच्या पिठाला एक वाटी सालीची पूड, अर्धी वाटी वाळ्याची पूड, दोन चमचे नागरमोथा आणि एक चमचा आंबेहळद. आता रोशाचे पाच थेंब, पण सगळ्या उटण्यावर शिंपडायचे नाहीत, नाहीतर गोळे होतात आणि एकाच जागी तेल साचतं. चमचाभर उटणं बशीत वेगळं काढा, त्यावर थेंब मोजून टाका आणि बोटांच्या चिमटीत घेऊन ते पूर्ण कोरडं होईपर्यंत चोळा. मग ते बाकीच्या पुडीत मिसळा, बरणीत भरा आणि दोन दिवस उघडू नका. तिसऱ्या दिवशी चिमूटभर घेऊन कोपराच्या आत लावा, आणि चोवीस तास थांबा.